काचेच्या कोपऱ्यातली अक्षरं : गाडीच्या सुरक्षा-उपकरणांची जाहिरात करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गाडीत बसवायची सुरक्षा-उपकरणं बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रात्रीचे तीन वाजले असतील. दूध पिऊन ती माझ्या दंडावर झोपली होती. तिला खाली ठेवलं तर जागी होईल म्हणून मी तशीच बसून होते, आणि मोकळ्या हातात मोबाईल होता. तुमच्यापैकी एकाची जाहिरात समोर आली. गाडी पाण्यात गेलेली. मागच्या सीटवर बाळ. आई काचेवर तळहात आपटते आहे, तिचं तोंड उघडं आहे पण आवाज येत नाही, फक्त बुडबुड्यांचा आवाज. मग पडदा काळा होतो आणि अक्षरं उमटतात : तुमच्याकडे किती सेकंद आहेत? त्याखाली खरेदीचं लाल बटण.

मी ते बटण दाबलं आणि गाडीची काच फोडायची हातोडी मागवली. त्या क्षणी कुठल्याही आईने दाबलं असतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तर ती जाहिरात त्या वेळी माझ्यापर्यंत आली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी आणखी दोन वस्तू घेतल्या. एक, मागच्या सीटच्या हेडरेस्टला बांधायचा बाळाचा आरसा. दुसरी, डुलकी लागून मान खाली गेली की वाजणारं, कानाला लावायचं यंत्र. तिन्ही जाहिरातींचा साचा एकच होता. आधी मरण दाखवायचं, मग वस्तू दाखवायची. मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

हातोडीपासून सुरुवात करते. नारिंगी रंगाची, टोकाला पोलादी अणकुची, बाजूला पट्टा कापायचं पातं. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की एका फटक्यात काच फुटेल. मी ती दाराच्या कप्प्यात ठेवली आणि मला खरोखर हलकं वाटलं. वर्षभराने गाडी धुताना मागच्या दाराच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक पांढऱ्या अक्षरांकडे लक्ष गेलं. मोबाईलचा टॉर्च लावून, दाराशी उकिडवं बसून ती वाचली. त्यात एक शब्द होता : लॅमिनेटेड. पुढच्या दाराची काच पाहिली. तिथेही तेच.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण तुमच्या खोक्यावर ते कुठेही नव्हतं. गाडीच्या काचा दोन प्रकारच्या असतात. टेम्पर्ड काच टोकदार फटका बसला की क्षणात बारीक दाण्यांसारखी विखरून खाली पडते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, जाळं उमटतं, पण जागची हलत नाही. गाडीची पुढची काच अशीच असते, आणि आता बऱ्याच गाड्यांच्या बाजूच्या काचाही अशा असतात. त्यामागे चांगलं कारण आहे : अपघातात माणूस खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये अशा सहा साधनांची चाचणी घेतली. त्यांपैकी चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं होतं की २०१८ च्या सुमारे दर तीन मॉडेलांपैकी एकात बाजूला लॅमिनेटेड काच होती.

म्हणजे वर्षभर माझ्या दाराच्या कप्प्यात जी निर्धास्ती पडून होती, ती माझ्या गाडीत कामाचीच नव्हती. टेम्पर्ड काच असलेल्या गाडीत ती हातोडी उपयोगी पडेलही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार ती वस्तू वाईट असण्याची नाही. मला भीती दाखवायला तुम्हाला चाळीस सेकंद मिळाले, त्यातले तीन सेकंद ‘आधी तुमच्या काचेचा कोपरा वाचा’ हे सांगायला मिळाले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आणि त्याहून मोठी तक्रार अशी की गाडी पाण्यात गेली तर काय करायचं, हे त्या जाहिरातीत कुठेच नव्हतं. गाडी लगेच तळाला जात नाही. ती थोडा वेळ तरंगते, आणि साधारण पहिलं एक मिनिट हेच सुटकेचं मिनिट असतं. पट्टा सोडायचा, काच खाली करायची, मुलांना आधी बाहेर काढायचं, मग आपण निघायचं. दार उघडायच्या नादी लागायचं नाही, कारण पाणी खिडकीपर्यंत चढलं की बाहेरच्या दाबाने ते उघडत नाही, आणि उघडलंच तर पाणी आत घुसून गाडी पटकन बुडते. फोन लावत बसायचं नाही; ते मिनिट फोनवर संपतं. विजेवर चालणाऱ्या काचाही पाण्यात पडल्यावर बहुधा लगेच बंद पडत नाहीत, म्हणून बटण आधी दाबायचं. वाचायला अर्धं मिनिट लागतं, पैसा एक लागत नाही. काचेवर हात आपटणाऱ्या त्या बाईला तुमच्यापैकी कोणीतरी हे सांगायला हवं होतं. तिच्या तोंडून माझ्यापर्यंत ते पोहोचलं असतं आणि माझ्या डोक्यात राहिलं असतं, गाडीत हातोडी असो वा नसो.

आता आरशाबद्दल. लहान बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात, त्यामुळे चालवताना बाळाचा चेहरा दिसत नाही. जाहिरातीत एक बाळ गप्प झालेलं होतं आणि आईला ते कळलंच नव्हतं. मी आरसा बांधला. त्यानंतर माझी नजर सारखी त्याच्याकडे जाऊ लागली. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. दोन सेकंद आरशात बघितलं की तेहेतीस मीटर रस्ता न बघता कापलेला असतो. एकदा मी मान वर केली तेव्हा पुढची गाडी थांबलेली होती आणि तिचे लाल दिवे माझ्या काचेत भरले होते. ब्रेक लागला, टक्कर झाली नाही. मुलगी झोपलेलीच होती. आरशात ती शांत दिसत होती आणि माझे पाय थरथरत होते.

त्याच आठवड्यात मुलांच्या सीट तपासून देणाऱ्या एका प्रशिक्षित बाईंकडे गेले. त्यांनी आरशाकडे पाहिलंही नाही. सीटमधून गाडीचा पट्टा जिथून ओवलेला असतो, तिथे दोन्ही बाजूंनी हात धरून त्यांनी सीट हलवली. ती चांगली वीतभर सरकली. ‘अडीच सेंटीमीटरच्या वर हलता कामा नये,’ त्या म्हणाल्या, आणि सीटवर गुडघा टेकवून, अंगाचा भार टाकून त्यांनी पट्टा ओढला. मग मुलीच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायला लावला. चिमटीत घडी आली तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. माझ्या चिमटीत जाड घडी आली. पाच महिने माझं बाळ त्या सैल पट्ट्यात प्रवास करत होतं, आणि त्या पाच महिन्यांत तुमच्या जाहिरातींनी मला शंभर वेळा तिच्या मरणाची आठवण करून दिली होती. पट्टा ओढून बघ, असं एकदाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना मला जे कळलं तेच या पत्राचं कारण आहे. भीतीने माझं लक्ष वाढलं होतं, पण ते तुमच्या दुकानाकडे वळलं होतं. माझ्या हाताशी असलेल्या गोष्टीकडे नाही.

तुम्ही म्हणाल, भीती दाखवली नाही तर लोक हलतच नाहीत. हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. १९५३ मध्ये इर्विंग जॅनिस आणि सेमूर फेशबॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं दिली. काहींना सडलेल्या हिरड्या आणि रोगांची भयंकर वर्णनं, काहींना मध्यम, काहींना सौम्य. सांगितल्याप्रमाणे दात घासण्यात सौम्य गट सगळ्यांत पुढे राहिला, भयंकर गट मागे. पुढच्या संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचं केलं. भीती नेहमीच फसते असं नाही. पण ती कधी कामाला येते हे सांगणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६५ मध्ये येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली, काहींना खूप भीतिदायक, काहींना कमी. भीती वाटलेल्यांची मतं बदलली, लस घ्यायचा विचारही झाला. पण लस घ्यायला प्रत्यक्षात गेले किती? ज्यांना माहितीबरोबर आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला, रोजच्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. ज्यांना नकाशा नव्हता त्यांच्यातले सुमारे ३ टक्के. ते केंद्र कुठे आहे हे बहुतेकांना आधीपासून ठाऊक होतं, तरीही.

तुमच्या जाहिरातींना हा प्रयोग ठाऊक आहे असं मला वाटतं, कारण तुमच्याकडेही नकाशा असतो. तो खरेदीच्या बटणापर्यंतचा असतो आणि फार चोख असतो : कुठे दाबायचं, किती वेळ शिल्लक आहे, घरी कधी येईल. सुरक्षेपर्यंतचा नकाशा मात्र कुठे नसतो. माणूस घाबरतो, बटण दाबतो, खोकं येतं, भीती शमते. भीती ज्यासाठी निसर्गाने दिली ते काम झालेलंच नसतं.

माझ्या बाबांचं उदाहरण सांगते. ते मागच्या सीटवर बसले की पट्टा लावत नाहीत. अपघाताची दृश्यं टीव्हीवर आली की ते आवाज बंद करतात आणि दुसरीकडे बघतात. मला राग यायचा. पट्टा न लावलेला मागचा माणूस टक्कर झाली की गाडीच्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या सीटवर, पुढच्या माणसावर आदळतो. हे मी त्यांना चिडून सांगत असे. ते मान हलवत आणि खिडकीबाहेर बघत. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये नेमकं हेच मांडलं : धोका मोठा दाखवला आणि त्यावर आपल्या हातात काही आहे असं माणसाला वाटलं नाही, तर तो धोका आवरायच्या ऐवजी भीती आवरायला लागतो. नजर वळवतो, आवाज बंद करतो, ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणतो. एके दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले आणि पट्टा स्वतः लावायला गेले. पट्टा आला, पण तो अडकवायचं कुलूपच सापडेना. ते जाड सीट कव्हरच्या खाली दबलेलं होतं. बाबांच्या बोटांत आता पूर्वीसारखा जोर नाही. कव्हरच्या फटीत हात घालून ते काढणं त्यांना जमत नव्हतं, आणि तसं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. मी कव्हर कापून ते कुलूप वर काढलं. तेव्हापासून ते रोज पट्टा लावतात. इतकी वर्षं मी त्यांना भीती दाखवत होते. अडलं होतं ते बोटभर कापडावर.

ते सीट कव्हरही सुरक्षेच्या वस्तूंच्या मांडणीतच विकलं जातं. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तसंच घट्ट कव्हर ती उघडतानाही आडवं येऊ शकतं. आणि त्याच मांडणीत, हातोडीच्या शेजारच्या खुंटीला, पट्टा न लावता गाडीचा इशारा बंद करायची धातूची पट्टीही टांगलेली असते. कुलपात ती खोचली की गाडीला वाटतं पट्टा लावला आहे. एका हाताने मरणाची भीती विकायची आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याचा आवाज बंद करायची सोय विकायची, हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. तुमच्यापैकी जे ती पट्टी विकतात त्यांनी ती आजच काढून टाकावी. या बाबतीत मधला मार्ग नाही.

पट्ट्याबद्दल बोलतेच आहे तर थोडं थांबते, कारण गाडीतली सगळ्यांत मोठी सुरक्षा-वस्तू तीच आहे आणि तिची गोष्ट तुम्हाला शिकण्यासारखी आहे. आज वापरतो तो तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. व्होल्वोने १९५९ मध्ये तो गाडीत बसवला आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांसाठीही खुलं ठेवलं. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा लावलेल्यांचं काय झालं, न लावलेल्यांचं काय झालं, ते आकड्यांत. लोकांना आणि सरकारांना पटवण्यात त्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. आज अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था सांगते की पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्याने ४५ टक्क्यांनी कमी होतो. इतकी परिणामकारक दुसरी वस्तू तुमच्या मांडणीत आहे का? तरी पट्ट्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण तो गाडीबरोबर आलेला असतो आणि त्याला पुन्हा विकता येत नाही.

भीतीच्या जाहिरातीतला मूळ दोष मला इथे दिसतो. जे विकता येतं त्याभोवती ती धोका रंगवते, आणि जो धोका डोळ्यांसमोर उभा राहतो तोच निवडते. गाडी पाण्यात जाणं डोळ्यांसमोर उभं राहतं. चाकात कमी हवा असणं उभं राहत नाही. पन्नासऐवजी साठच्या वेगाने जाणंही नाही. पण तेवढ्यानेच टक्करीतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, आणि फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. या धोक्यांवरचे उपाय खोक्यात घालता येत नाहीत. पाय थोडा उचलावा लागतो, फोन मागच्या पिशवीत टाकावा लागतो.

कानातलं ते यंत्र मी फार वापरलं नाही. सतरा-अठरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. मान खाली गेल्यावर वाजणारं यंत्र ही शेवटची घंटा आहे. मी पाहिलेल्या जाहिरातीत तो चालक यंत्र वाजल्यावर डोळे चोळतो आणि हसत पुढे जातो. त्याने गाडी बाजूला घेऊन झोपायला हवं होतं. यंत्राच्या भरवशावर तो आणखी तासभर चालवणार असेल, तर त्या यंत्राने त्याला काय दिलं?

हा प्रश्न माझ्या कल्पनेतून आलेला नाही. १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींचा एक अभ्यास झाला. काही टॅक्सींना तेव्हा नवीन असलेले एबीएस ब्रेक, म्हणजे जोरात दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक होते, काहींना नव्हते. चालक सारखेच, रस्ते तेच. अपघातांत म्हणावा तसा फरक पडला नाही. एबीएस असलेल्या गाड्यांचे चालक पुढच्या गाडीच्या जास्त जवळून जात होते, वळणं जास्त जोरात घेत होते. ब्रेक उत्तम होते. चालकांनी तो फायदा वेगात खर्च केला. सगळ्याच उपकरणांचं असं होत नाही. गाडी घसरू लागली की तिला सावरणारी स्थिरता प्रणाली, म्हणजे ईएससी, हिने अपघात खरोखर कमी केले आहेत, बहुधा ती चालकाला जाणवतच नाही म्हणूनही. पण ज्या वस्तूची जाहिरात ‘आता निर्धास्त व्हा’ असं म्हणते, तिने निर्धास्तपणाची किंमतही मोजली पाहिजे.

आता रस्त्यावर जे गाडीबाहेर असतात त्यांच्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साठी जगभरातले रस्त्यावरचे मृत्यू सुमारे ११ लाख ९० हजार मोजले. पाच ते एकोणतीस वर्षांच्या मुलामाणसांच्या मरणाचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. या मृतांपैकी निम्म्याहून अधिक पायी चालणारे, सायकलवरचे आणि दुचाकीवरचे असतात. तुमच्या जाहिरातींत ते कधी दिसतात? मला आठवणाऱ्या सगळ्या जाहिरातींत गाडीबाहेरचं जग हा धोका असतो : समोरून येणारा ट्रक, अंधारातून धावत येणारी सावली. माझ्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या मुलीसाठी मी स्वतः धोका आहे, हे त्यांत कुठे नसतं. गाडीच्या पुढे बसवायचा पोलादी दांडा सुरक्षेच्या नावाखाली विकला जातो. तो पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो, आणि टक्करीत चुरगळून धक्का शोषण्यासाठी बनवलेल्या भागाचं कामही बिघडवू शकतो. मी माझ्या मुलीसाठी घाबरले होते. दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी घाबरायला मला कोणी सांगितलं नाही.

म्हणजे उपकरणं विकूच नयेत असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. नीट बसवलेली बाळाची सीट जीव वाचवते. चाकातली हवा कमी झाल्याचं सांगणारा दिवा उपयोगाचा आहे. आपोआप ब्रेक लावणाऱ्या प्रणालीमुळे मागून आदळण्याचे अपघात सुमारे निम्म्यावर आल्याचं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते सुरक्षा संस्थेला आढळलं. त्याच संस्थेला आढळलं की बाजूच्या न दिसणाऱ्या जागेतली गाडी दाखवणाऱ्या दिव्याने लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी झाले. १४ हा डोळे दिपवणारा आकडा नाही. पण तो खरा आहे, मला समजतो, आणि त्याच्या बळावर मी शांत डोक्याने ठरवू शकते. हे आकडे कारखान्यात बसवलेल्या प्रणालींचे आहेत. वरून चिकटवायच्या दिव्याच्या जाहिरातीत ते वापरायचे असतील, तर त्या दिव्याचीही तशी चाचणी झालेली असली पाहिजे.

आकड्यांनी माल खपत नाही, हे मला पटत नाही. १९९७ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेने गाड्या भिंतीवर आदळवून त्यांना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा चाचण्या फार कडक आहेत, चार तारे कुठल्याच गाडीला मिळणार नाहीत असं उत्पादक म्हणत होते. त्याच वर्षी एका गाडीला चार तारे मिळाले. मग इतरांनाही हवेसे झाले. लोक तारे बघून गाडी घेऊ लागले आणि गाड्या अधिक सुरक्षित होत गेल्या. त्यासाठी कोणाला काचेवर हात आपटणारी आई दाखवावी लागली नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. खोक्यावर स्पष्ट लिहा की वस्तू कशावर तपासली, कुठे चालते आणि कुठे चालत नाही. धोका दाखवलात तर त्याच जाहिरातीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तो टाळायची बिनपैशाची कृती आधी दाखवा, मग तुमची वस्तू. जो धोका दाखवता तो किती वेळा घडतो तेही सांगा. बाळंतपणानंतर झोप न झालेल्या आयांना रात्री तीन वाजता शोधून त्यांना बुडणारं बाळ दाखवणं बंद करा. माझ्या मुलीच्या जन्माची बातमी तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली मला माहीत नाही, पण ती तुम्ही ज्या कामासाठी वापरलीत ते योग्य नव्हतं. आणि तुमच्यातल्या जाहिरात लिहिणाऱ्या मंडळींना एक विनंती : तुम्ही लिहिण्यात फार कुशल आहात. ती बाई, ते बुडबुडे, तो थांबलेला आवाज मी अजून विसरलेले नाही. तेच कौशल्य एकदा चिमटीच्या चाचणीवर खर्च करा. बाळाच्या खांद्यावरून घसरणारी दोन बोटं, एवढंच दृश्य. ते मी कधीच विसरणार नाही, आणि त्या रात्री मी उठून खाली गाडीशी गेले असते.

या पत्रासोबत माझ्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्याचा फोटो जोडते आहे. अक्षरं बारीक आहेत, पण मोठं करून बघितलं की वाचता येतात. ज्यांनी मला हातोडी विकली त्यांनी त्या काचेवर ती चालते की नाही एवढं लेखी कळवावं. खोक्यावर तुमचाच पत्ता आहे. पत्र तिथेच पाठवते आहे.

आपली,
एक वाहनचालक, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या एका मुलीची आई